जालन्याचीं तळीं आणि हिवाळ्यांतील गळ

थंड देशांत हिवाळा आला म्हणजे सरोवरें गोठतात. फिनलंड, कॅनडा, अमेरिकेच्या उत्तरेकडील मिनेसोटासारखीं संस्थानें, या मुलखांतील लोक गोठलेल्या पाण्यावरून चालत जातात, बर्फाला वीतभर रुंदीचें भोंक पाडतात आणि त्या भोंकांतून गळ सोडून तासन्‌तास बसून राहतात. बर्फाचा थर निदान चार इंच जाड झाल्यावांचून त्यावर पाऊल टाकूं नये, असा सल्ला तेथील सरकारी खातें दरसाल देत असतें. एवढ्या खटपटीनें हातीं येणारा मासा बहुधा लहानच असतो. ब्ल्यूगिल, क्रॅपी, पिवळा पर्च हीं त्यांचीं नांवें. तव्यावर नीट बसेल एवढाच त्यांचा आकार, म्हणून तेथील बोलींत या सर्वांस मिळून ‘तव्याचे मासे’ असेंच म्हणतात.

जालना जिल्ह्यांत कोणत्याहि तळ्यावर बर्फ धरीत नाहीं. पौषांतील कडाक्याच्या पहांटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरला म्हणजे थंडीची कमाल झाली असें तेथें समजतात. तरीहि हिवाळ्यांत तळ्याकांठीं गळ टाकून बसणारा माणूस तेथें आहे, त्याचा लहान मासा आहे, आणि त्या दोघांचा इतिहास उत्तरेकडील बर्फाच्या इतिहासापेक्षां कमी जुना नाहीं. तो फारसा कोणी लिहिलेला नाहीं, एवढेंच. राजाच्या एका संस्कृत ग्रंथांत, गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यांच्या लॅटिन नांवांत आणि सरकारी कायद्याच्या कलमांत तो विखुरलेला आहे. आणि या सर्व ठिकाणीं बारकाईनें पाहिल्यास लेखकाच्या मागें एक निरक्षर मासेमार उभा असलेला दिसतो.

हा इतिहास समजण्यासाठीं प्रथम पाण्याचा स्वभाव ध्यानांत घेतला पाहिजे. बहुतेक द्रव पदार्थ थंड होतील तसे जड होत जातात. पाण्याचें तसें नाहीं. चार अंश शतमानापर्यंत तें जड होतें आणि त्याहून अधिक थंड झालें म्हणजे पुनः हलकें होऊं लागतें. यामुळें गोठण्याच्या बेतांत असलेलें पाणी वर राहतें, बर्फ वर धरतो आणि तळाशीं चार अंशांचें पाणी तसेंच राहतें. त्या पाण्यांत मासे मंद गतीनें, थोडें खाऊन, पण जिवंत असतात. थंड पाण्यांत प्राणवायूहि अधिक मावतो. शून्य अंशावर एका लिटर पाण्यांत सुमारें १४.६ मिलिग्रॅम प्राणवायु विरघळूं शकतो; तीस अंशांवर तेंच प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येतें. बर्फावर हिमाचा जाड थर सांचून उजेड अडला, तर मात्र प्राणवायु संपून मासे मरतात. एरवीं उत्तरेकडील सरोवर हिवाळ्यांत झांकलें जातें, पण पाणी कोठें जात नाहीं.

जालन्याची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. तेथील तळें कधींच झांकलें जात नाहीं. पण त्यांतलें पाणी राहील याचा भरंवसा नसतो. जिल्ह्यांत वर्षाकांठीं पाऊस पडतो तो सरासरीनें ७०० मिलिमीटरांच्या आसपास, आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतला. गोदावरी ही दक्षिणेच्या सीमेवरून वाहते. पूर्णा, दुधना, कुंडलिका, गिरजा, केळणा या आंतल्या नद्या पावसाळ्यांत दोन्ही थड्या भरून वाहतात आणि उन्हाळ्यांत त्यांपैकीं कित्येकींच्या पात्रांत वाळू आणि डोह एवढेंच उरतें. पावसाळ्याचें पाणी गढूळ व अनावर. उन्हाळ्याचें पाणी उथळ, कोमट आणि प्राणवायूनें दरिद्री. मधले कार्तिकापासून माघापर्यंतचे महिने तेवढे असे कीं, तळीं भरलेलीं असतात, गाळ खालीं बसून पाणी निवळलेलें असतें आणि मासा पावसाळाभर चरून पोसलेला असतो. उत्तरेस हिवाळा म्हणजे सरोवर बंद होण्याचा काळ. जालन्यास तो तळें सर्वांत भरवशाचें असण्याचा काळ आहे.

गळ टाकणाऱ्याला हें निराळें सांगावें लागत नाहीं. बांबूची काठी, सूत, लोखंडी आंकडा, पाण्यावर तरंगणारा भेंडाचा तुकडा, आणि आमिषाला गांडूळ, झिंगा किंवा कणकेची गोळी, एवढें त्याचें सामान. थंडींत माशाचें रक्त पाण्याइतकेंच थंड होतें, त्याची भूक मंदावते आणि तो आमिषावर झडप घालीत नाहीं. नुसता चाटून जातो. म्हणून भेंड बुडण्याची वाट पहात बसणाराचा गळ पुष्कळदां रिकामा वर येतो. भेंड जरासें थरथरलें कीं हात हलला पाहिजे. पहांटेचा मासा खोल असतो. ऊन चढलें, कांठचें उथळ पाणी कोंबट झालें, म्हणजे तो तिकडे सरकतो. सकाळीं दूरवर टाकलेला गळ दुपारीं कांठाजवळ आणावा लागतो. पाण्याचें तापमान आणि माशाचें पचन यांचा संबंध शास्त्रज्ञांनीं मोजून मांडला तो अलीकडे. पण हात केव्हां हलवावयाचा हें माहीत असलेला माणूस त्याच्या कितीतरी आधींचा आहे.

या माणसाचें पहिलें लेखी चित्र मिळतें तें बाराव्या शतकांत. त्या वेळीं आजचा मराठवाडा कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यांत मोडत असे. ही कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यांतील आजचें बसवकल्याण. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याची कारकीर्द इ. स. ११२६ ते ११३८ अशी मानतात. ११२९ च्या सुमारास त्यानें ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’ नांवाचा संस्कृत ग्रंथ रचला. राज्य मिळविणें, तें टिकविणें, त्याचा उपभोग घेणें, मन रमविणें, अशा विषयांचे त्यांत पांच भाग असून प्रत्येकांत वीस अध्याय आहेत. त्यांतील एका अध्यायाचें नांव ‘मत्स्यविनोद’. गळानें मासे धरण्याच्या करमणुकीवरचा हा अध्याय हिंदुस्थानांतील या विषयावरच्या अतिप्राचीन लेखनांपैकीं एक आहे.

सोमेश्वरानें माशांचे सुमारें पस्तीस प्रकार दिले आहेत. समुद्रांतले कोणते व नदीतळ्यांतले कोणते, खवल्यांचे कोणते व गुळगुळीत अंगाचे कोणते, मोठे कोणते व लहान कोणते, असे त्याचे विभाग आहेत. कोणत्या माशाला कोणतें खाद्य रुचतें हें तो सांगतो. ठराविक जागीं रोज खाद्य टाकून माशांना त्या जागेची संवय लावावी, मग तेथें गळ सोडावा, ही युक्ति त्यांत आहे. दोरी, काठी, आंकडा यांचीं वर्णनें आहेत, आणि गळास लागलेला मोठा मासा एकदम न ओढतां दमवून कसा आणावा याचा विचारहि आहे.

एवढें ज्ञान राजाला कोठून मिळालें असावें? राजा करमणुकीसाठीं गळ टाकीत असेल. पण पस्तीस प्रकारच्या माशांचें खाणेंपिणें वर्षानुवर्षें पाहण्याइतका वेळ सिंहासनावरील माणसापाशीं नसतो. माशाची चव, भूक आणि संवय यांचा एवढा बारीक तपशील ज्यांची चूल माशावर पेटते त्यांच्याच तोंडून येऊं शकतो. ग्रंथांत त्यांचीं नांवें नाहींत. ज्ञान मात्र त्यांचें आहे.

याच ग्रंथांतील आणखी एक गोष्ट मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याची आहे. त्याच्या संगीतविषयक भागांत निरनिराळ्या देशभाषांतील गीतांचे नमुने दिले आहेत आणि त्यांत मराठीहि आहे. मराठीच्या प्राचीन नमुन्यांत गणल्या जाणाऱ्या त्या ओळी दशावतारांच्या स्तुतीच्या असून त्यांत वेद सोडवून आणणाऱ्या मत्स्यरूपाचा उल्लेख येतो. मराठी भाषा लेखीं उमटूं लागली त्या पहिल्या पहांटेसच एका पोथींत मासा दोनदां आला, एकदां देव म्हणून आणि एकदां गळाचें लक्ष्य म्हणून. अलीकडच्या काळांत ‘मत्स्यविनोदा’चें महत्त्व प्राणिशास्त्रज्ञांपुढें मांडलें तें डॉ. सुंदरलाल होरा यांनीं. हिंदुस्थानच्या प्राणिसर्वेक्षण खात्याचे संचालक असलेल्या या मत्स्यशास्त्रज्ञानें १९५१ सालीं एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत या अध्यायावर स्वतंत्र लेख लिहिला.

नद्यांचे डोह निसर्गानें दिले. तळीं माणसानें बांधलीं. जालना शहराच्या पश्चिमेस असलेल्या मोती तलावाचें श्रेय स्थानिक इतिहासांत जमशेदखान नांवाच्या अंमलदारास दिलें जातें. या तलावाचें पाणी जमिनीखालून नळांनीं गांवांतील हौदांपर्यंत खेळविलेलें होतें. पुढें निजामी राजवटींत कुंडलिका नदीवर घाणेवाडीचा तलाव झाला. तो उंचावर असल्यामुळें तेथून शहरांत पाणी आणण्यास यंत्राची गरज पडत नसे. उतारानेंच तें येई. हीं तळीं माणसाच्या तहानेसाठीं बांधलीं गेलीं. परंतु पाणी सांचलें तेथें पुरांतून, ओढ्यांतून मासा आपण होऊन आला आणि माशामागून भोई आला.

भोई हा शब्द ऐकतांच जुन्या काळीं पालखी डोळ्यांपुढें येत असे. खांद्यावर पालखी वाहणें आणि पाण्यांत मासे धरणें हे या समाजाचे दोन परंपरागत धंदे. रस्ते झाले, गाड्या आल्या, आगगाडी आली, तसा पहिला धंदा गेला, दुसरा राहिला. गोदावरीकांठच्या गांवांतून व मराठवाड्यांतील तळ्यांवर भोई, कोळी, धीवर या समाजांनीं तो चालविला. खोल पाण्यांत जावयाचें तर वाळलेल्या भोपळ्यांची सांगड पोटाखालीं घेऊन जावयाचें. जाळें फेकावयाचें, सांपळे लावावयाचे, आणि जेथें जाळें अडकतें त्या झुडपांच्या व दगडांच्या जागीं गळ टाकावयाचा, अशी त्यांच्या कामाची वांटणी असे. शेतांत राबणारीं, इतर जातींचीं माणसेंहि हिवाळ्याच्या मोकळ्या दुपारीं गळ घेऊन बसत. हातीं लागे तो मरळ, मिशाळ शिंगटा, सापासारखी लांब वाम, नाहींतर ओंजळभर बारीक खवल्यांची मासळी. भाकरीबरोबर तेवढें पुष्कळ असे.

पुढील लेखी नोंदी आल्या त्या इंग्रजी फौजेबरोबर. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईची प्रसिद्ध लढाई झाली, ती आजच्या जालना जिल्ह्यांतच, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यांत. त्यानंतरच्या काळांत जालना येथें लष्कराची मोठी छावणी पडली. छावणीबरोबर दारूगोळा आला, घोडे आले, आणि फावल्या वेळांत पशुपक्षी, मासे, किडे गोळा करून त्यांना नांवें देणारे अधिकारीहि आले.

त्यांत दख्खनच्या माशांचा पहिला मोठा अभ्यासक कर्नल विल्यम हेन्री साईक्स. तो जालन्याचा नव्हे. मुंबई इलाख्यांत, पुणें व अहमदनगरच्या बाजूस, सरकारसाठीं मुलखाची आंकडेवार माहिती गोळा करण्याचें काम त्याच्याकडे होतें. भीमा आणि तिच्या उपनद्यांचे मासे त्यानें जमविले, आणि ‘दख्खनचे मासे’ या विषयावरील त्याचा निबंध १८४१ सालीं लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाच्या ग्रंथमालेंत सचित्र प्रसिद्ध झाला. त्यांत चाळीसहून अधिक जातींचें वर्णन आहे. त्यानें दिलेलीं लॅटिन नांवें वाचतांना मराठी वाचकाचा कान टवकारतो. खुद्री, कोलुस, पोटेल, नुक्ता, अलकुटी, रोहटी, हे शब्द ग्रीक नाहींत व लॅटिनहि नाहींत. मासा कोण आहे असें साईक्सनें कांठावरच्या माणसाला विचारलें, त्यानें आपल्या बोलींत उत्तर दिलें, आणि साहेबानें त्यालाच लॅटिनचा अंगरखा चढविला. महासीर जातीचा ‘टोर खुद्री’ हा मासा आजहि जगभरच्या प्रयोगशाळांत याच नांवानें ओळखला जातो. मासा दाखविणाऱ्याचें नांव कोणास ठाऊक नाहीं. त्याच्या तोंडचा शब्द मात्र अमर झाला.

प्रत्यक्ष जालन्याच्या छावणींत राहिलेला शास्त्रज्ञ म्हणजे थॉमस कॅव्हरहिल जर्डन. मद्रास फौजेच्या वैद्यकीय खात्यांतील हा तरुण डॉक्टर १८३६ सालीं हिंदुस्थानांत उतरला. १८३७ सालीं त्याची नेमणूक दुसऱ्या हलक्या घोडदळांत झाली आणि त्या पलटणीबरोबर तो जालन्यास येऊन सुमारें चार वर्षें राहिला. हिंदुस्थानच्या पक्ष्यांचा मोठा अभ्यासक म्हणून त्याचें नांव पुढें गाजलें. त्या अभ्यासाचा आरंभींचा पुष्कळसा काळ जालन्याच्या माळांवर व तळ्यांवर गेला. हिवाळी पाणवठ्यांवर उतरणारीं बदकें आणि करकोचे पाहावयास जाणारा माणूस त्याच कांठावर बसलेल्या मासेमारास ओलांडून जाऊं शकत नाहीं. १८४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जर्डननें दक्षिण हिंदुस्थानच्या गोड्या पाण्यांतील माशांवरहि निबंध लिहिला आणि तो मद्रासच्या एका विद्वत्तापूर्ण नियतकालिकांत छापून आला. आजारी शिपायांना औषध देणाऱ्या डॉक्टरला माशांची गोडी लागली, यांत त्या काळीं नवल नव्हतें.

साईक्स व जर्डन यांनीं मासे ओळखले. ते टिकतील कीं नाहीं हा प्रश्न विचारणारा अधिकारी त्यांच्यामागून आला. फ्रान्सिस डे हाहि मूळचा मद्रास फौजेचाच डॉक्टर. हिंदुस्थानच्या मत्स्यव्यवसायाचा तो मुख्य तपासनीस झाला. १८७३ सालीं गोड्या पाण्यांतील मासेमारीवर त्यानें सरकारास अहवाल सादर केला. बारीक छिद्रांचीं जाळीं लावून, प्रवाह अडवून, शेतांत शिरलेलीं पिल्लें उपसून लोक माशांची पुढची पिढीच खाऊन टाकीत आहेत, असा त्याचा इशारा होता. १८७५ ते १८७८ या काळांत त्याचा ‘हिंदुस्थानचे मासे’ हा महाग्रंथ बाहेर पडला, आणि १८९७ सालीं ब्रिटिश हिंदुस्थानांत मत्स्यविषयक कायदा झाला. सुरुंगाची दारू उडवून किंवा पाण्यांत विष कालवून मासे मारणें हा त्या कायद्यानें गुन्हा ठरला. जालना तेव्हां निजामाच्या राज्यांत असल्यानें तो कायदा तेथें आपोआप लागू नव्हता. परंतु त्यांतील विचार पुढें सर्वत्र पसरला, आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० च्या मत्स्यव्यवसाय अधिनियमांतहि असे निर्बंध आले. गळाच्या बाबतींत या निर्बंधांची गरज क्वचितच भासते. गळ एका वेळीं एकच मासा धरतो, आणि तोंडांत आंकडा मावणार नाहीं एवढ्या पिल्लाला तो सोडून देतो. ही मर्यादा त्या हत्याराच्या अंगींच आहे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थानाचा निजामी अंमल संपला. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत, आणि १ मे १९८१ रोजीं जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्यांची ही उलथापालथ चालू असतांना पाण्याखालींहि एक मोठें स्थित्यंतर घडत होतें. कटला, रोहू, मृगळ हे उत्तरेकडील नद्यांतील मोठे, झपाट्यानें वाढणारे मासे वाहत्या पाण्यांत अंडीं घालतात; सांचलेल्या तळ्यांत घालीत नाहींत. त्यामुळें त्यांचें बीज पुरांतून नदीवर गोळा करून दूरदूर न्यावें लागे, आणि त्यांत भलतींच पिल्लें मिसळलेलीं असत. १० जुलै १९५७ रोजीं ओरिसांत डॉ. हिरालाल चौधरी यांनीं माशाच्याच मस्तकांतील एका ग्रंथीचा अर्क टोंचून बंद पाण्यांत या जातींची पैदास करून दाखविली. तोच दिवस पुढें राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जाऊं लागला. या शोधामुळें समुद्रापासून शेंकडों मैल दूर असलेल्या जालन्याच्या तळ्यांत दर पावसाळ्यांत बोटभर मत्स्यबीज सोडणें शक्य झालें. मच्छीमारांच्या सहकारी संस्था निघाल्या, तलाव ठेक्यानें देण्याची पद्धति रुळली. १८ ऑक्टोबर १९६५ रोजीं पैठणजवळ लालबहादूर शास्त्रींच्या हस्तें ज्याची पायाभरणी झाली, तो जायकवाडीचा प्रकल्प १९७६ सालीं पुरा होऊन नाथसागराचा अफाट जलाशय शेजारींच उभा राहिला. भोपळ्यांच्या सांगडीच्या जागीं हळूहळू मोटारीच्या चाकाची रबरी नळी आणि थर्मोकोलचा तराफा आला.

याच सुमारास एक परकी लहान मासाहि आला. टिलापिया हा मूळचा आफ्रिकेंतला. तो १९५२ सालीं भारतांत आणला गेला आणि पुढें त्याच्या निरनिराळ्या जाती देशभर पसरल्या. बसका, चपटा, तव्यावर नीट बसणारा; उत्तरेकडील ब्ल्यूगिलला जवळ ठेवावा अशा बांध्याचा. तो वर्षांतून अनेकदां पिल्लें देतो आणि मूळच्या माशांची जागा अडवितो, म्हणून जाणत्यांनीं लवकरच त्याच्याविषयीं धोक्याची सूचना दिली. पण तोंवर तो सुटलेला होता. थंडीशीं मात्र त्याचें जमत नाहीं. पाणी पंधरा-सोळा अंशांखालीं उतरलें कीं तो खाणें सोडतो, म्हणून कडक थंडीच्या सकाळीं त्याच्यासाठीं टाकलेला गळ रिकामाच राहतो. महाराष्ट्रांतील मासेमारांनीं त्याचें नांव आपल्या जिभेवर घोळवून ‘चिलापी’ करून टाकलें. साईक्सच्या काळीं भोयांचा शब्द लॅटिनमध्यें गेला होता. येथें लॅटिन नांव भोयांच्या घरीं आलें. आणि मौज अशी कीं, तें लॅटिन नांवहि मुळांत आफ्रिकेंतील त्स्वाना भाषेच्या ‘मासा’ या अर्थाच्या साध्या शब्दावरून बनविलेलें आहे. त्याच्याहि मुळाशीं कांठावरचाच कोणीतरी माणूस होता.

बीज मिळालें, संस्था निघाल्या, कायदा झाला. पण या सर्वांचा पाया जें पाणी, त्याचा प्रश्न सुटला नाहीं. १९७२ चा दुष्काळ मराठवाडा विसरला नाहीं. २०१२-१३ सालीं तर जालना हा महाराष्ट्रांतील सर्वांत होरपळलेल्या जिल्ह्यांपैकीं एक होता. शहराला पाणी देणारीं तळीं आटलीं, टँकरच्या रांगा लागल्या, आणि त्याच सुमारास नाथसागराचें पाणी नळयोजनेनें जालन्यापर्यंत आणलें गेलें. तळें आटूं लागलें कीं मासेमाराच्या घरचा हिशेब बिघडतो. आषाढांत सोडलेलें बीज माघ-फाल्गुनापर्यंत पाण्यांत राहिलें तर किलोभर मासा होतो. पौषांतच पाणी गेलें तर अर्धवट वाढलेला मासा मिळेल त्या भावानें काढून टाकावा लागतो. पुढच्या साली बीज घेण्यास हातीं पैसा उरत नाहीं. गढूळ, उथळ पाण्यांत तग धरतो तो एकटा मरळ. त्याला कल्ल्यांखेरीज वरची हवा घेण्याची सोय आहे, आणि ओल्या चिखलांतहि तो कांहीं काळ जीव धरून राहतो. दुष्काळी मुलखांत त्याला भाव अधिक असतो तो केवळ चवीमुळें नव्हे.

तळें आटण्यास पाऊस एकटाच जबाबदार नसतो. दर पावसाळ्यांत ओढे माती आणतात, ती तळाशीं बसते, आणि पाऊस तेवढाच पडूनहि तळ्यांत मावणारें पाणी वर्षोवर्षीं कमी होतें. घाणेवाडीच्या तलावाच्या बाबतींत हें ओळखून जालन्याच्या नागरिकांनीं वर्गणी जमवून गाळ काढण्याचें काम हातीं घेतलें, आणि तो गाळ शेतकऱ्यांनीं आपल्या शेतांत नेऊन टाकला. त्यांच्यासमोर प्रश्न होता पिण्याच्या पाण्याचा. माशांचा विचार करून कोणी कुदळ उचलली नव्हती. तरी पण गाळाच्या जागीं जें पाणी राहतें, तें हिवाळा ओलांडून पुढें जातें, आणि त्यांतच मासा वाढतो. जमशेदखानाच्या तळ्यांत मासा असाच न बोलावतां आला होता.

सोमेश्वराचा ग्रंथ छापून निघाला आहे. साईक्सचीं चित्रें व डे याचा महाग्रंथ संग्रहालयांत जपून ठेवलेले आहेत; पाणी असो वा नसो, त्यांना कांहीं होणार नाहीं. ज्या ज्ञानावर हे ग्रंथ उभे आहेत, तें मात्र कागदावर नाहीं. कोणत्या महिन्यांत मासा कोणत्या खडकाआड बसतो, थंडींत भेंड किती थरथरलें म्हणजे हात हलवावा, पिल्लांचा थवा घेऊन फिरणाऱ्या मरळीला केव्हां सोडून द्यावें, हें बापाशेजारीं कांठावर बसूनच मुलाला कळतें. त्यासाठीं तळ्यांत पाणी असावें लागतें. लागोपाठ चारदोन हिवाळे तळें कोरडें राहिलें, तर बाप ऊसतोडीला किंवा शहरांत मजुरीला जातो, मुलगा कांठावर बसत नाहीं, आणि पांचव्या वर्षीं पाऊस पडून तळें भरलें तरी गळ टाकणारा हात तेथें नसतो. बीज विकत मिळतें. हा हात विकत मिळत नाहीं.

उत्तरेकडील माणूस बर्फ चार इंच जाड झाला कीं नाहीं तें पाहून सरोवरावर पाऊल टाकतो. जालन्याचा मासेमार दिवाळी झाली म्हणजे तळ्याच्या भिंतीवर उभा राहून पाणी कोणत्या पायरीपर्यंत आहे तें पाहतो. त्यावरून पौषांत मासा मिळेल कीं नाहीं, माघापर्यंत घर चालेल कीं नाहीं, आणि पुढच्या आषाढांत बीज घेतां येईल कीं नाहीं, हें तो तेथेंच ठरवितो.